थडग्यावरचा ब्राँझचा तारा

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. विस्कॉन्सिनच्या नकाशात मिशिगन सरोवरात अंगठ्यासारखा घुसलेला जमिनीचा एक तुकडा दिसतो. त्याच्या बुडाशी बेल्जियन लोकांची खेडी आहेत, एवढं पुरे. गाव इतकं लहान आहे की नाव दिलं तर माणसं ओळखू येतील.

आमची मुलगी मृण्मयी मास्टर्ससाठी मॅडिसनला गेली. तिला पोचवायला मी आणि मिलिंद न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून शिकागोपर्यंत विमानाने आणि पुढे भाड्याच्या गाडीने गेलो. खोली लावून झाली, मसाल्याचे डबे भरून झाले. मग ती म्हणाली, "आई, यू गाइज शुड गो समव्हेअर." म्हणजे आता निघा. मिलिंदची रजा शिल्लक होती. तिची घरमालकीण बोलता बोलता म्हणाली की वर सरोवराकडे बेल्जियन गावं आहेत, दीडेकशे वर्षांपूर्वी आलेल्या शेतकऱ्यांची. ते ऐकून मिलिंद एकदम उठूनच बसला.

त्याचं कारण जुनं आहे. मिलिंद धातुशास्त्रातला माणूस, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. मृण्मयी लहान असताना कंपनीने त्याला काही आठवडे खऱ्या बेल्जियमला पाठवलं होतं आणि आम्ही दोघी सोबत होतो. तिथल्या एका खेड्यात चर्चमागे गावकऱ्यांच्याच थडग्यांमध्ये परक्या सैनिकांच्या थडग्यांची एक रांग होती. एक म्हातारी बाई झारीने त्या रांगेतल्या फुलांना पाणी घालत होती. आपल्या दारातली तुळस असावी तसं. त्या बाईविषयी मिलिंद पुढे अनेक वर्षं बोलायचा. मुलं गमावलेल्या कुठल्या तरी दूरच्या घरांसाठी ती ते करत होती आणि त्या घरांना ते माहीतही नव्हतं, याचं त्याला फार वाटायचं.

ग्रीन बेच्या पुढे

ग्रीन बे मागे पडलं की रस्ता मक्याच्या शेतांमधून जातो. सप्टेंबर होता. मका माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला, खालची पानं वाळायला लागलेली. मग लाल विटांची घरं दिसायला लागतात. पूर्वी इथे मोठी आग लागून लाकडी घरं जळाली, तेव्हापासून लोकांनी विटा धरल्या. घरांच्या पुढे रस्त्याच्या कडेला छोट्या खोल्या आहेत, आपल्याकडे बांधावर म्हसोबाचं देऊळ असतं तेवढ्याच. आत मेरीची मूर्ती, प्लास्टिकची फुलं, विझलेली मेणबत्ती. दार उघडंच असतं. मी एका ठिकाणी उतरून हात जोडले. पलीकडच्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बाईने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि मी गाडीत बसेपर्यंत पाहत राहिली. मी हसले. ती हसली नाही.

अमेरिकेत इतकी वर्षं काढल्यावर अशा नजरेचं काय करायचं ते ठरलेलं असतं. काहीच करायचं नाही. पण ती मनात कुठे तरी जाऊन बसते.

पुढे एका गोठ्यात जुन्या वस्तूंचं दुकान होतं. मिलिंदने ब्रेक मारला. त्याला पितळ आणि ब्राँझ जमवण्याचा नाद आहे. आमच्या बेसमेंटमध्ये तपेल्या, नळ, घंटा, जहाजांच्या खिडक्यांच्या चौकटी, काय नाही ते विचारा. यावरून आमचं बरंच वाजलं आहे. मी गाडीत बसून मृण्मयीशी फोनवर बोलत राहिले. तो बाहेर आला तेव्हा हातात खाकी पिशवी होती. ती त्याने घाईने डिकीत ठेवली.

"काय घेतलंस?"

"थोडं पितळ."

"परत?"

"थोडंच आहे गं."

विषय तिथेच संपला. मी मुद्दामच पाहिलं नाही, पाहिलं असतं तर भांडण झालं असतं.

गाव

गाव म्हणजे चर्च, एक बार, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आणि दहा-पंधरा घरं. चर्चमागे दफनभूमी. गवत नीट कापलेलं. दगडांवरची आडनावं फ्रेंच वळणाची, काहींवरचा मजकूरही तसाच. सैनिकांची थडगी वेगळी नाहीत, आईबापांच्या शेजारीच आहेत. बऱ्याच थडग्यांजवळ जमिनीत एक लोखंडी दांडी, तिच्या टोकाला ब्राँझचा तारा आणि ताऱ्यामागच्या नळीत खोचलेला लहानसा झेंडा.

एका दगडाशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. पहिल्या महायुद्धात मेलेला पोरगा. कुठे मेला तेही कोरलेलं होतं: बेल्जियम. म्हणजे याचे आजी-आजोबा तिथून बोटीत बसून इकडे आले, इथलं जंगल तोडून शेती केली, आणि नातवाला सरकारने पुन्हा तिकडेच लढायला पाठवलं. मी मिलिंदला हे म्हटलं, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो शेजारच्या थडग्याच्या ताऱ्याशी वाकला होता. बोटाच्या पेराने त्याने ताऱ्यावर हलकेच टकटक केली आणि कान दिला. ही त्याची सवय आहे, हॉटेलात समोर आलेलं भांडंही तो असंच वाजवून पाहतो.

"ब्राँझ आहे," तो म्हणाला. मग एकदम हात मागे घेतला.

"काय झालं?"

"काही नाही."

पहिल्या महायुद्धातल्या त्या पोराच्या थडग्याजवळ झेंडा नुसताच मातीत खोचला होता. तारा नव्हता. आणखीही काही थडग्यांजवळ नव्हता. मी ते पाहिलं, पण मला त्यात काही वाटलं नाही.

रस्त्यावर एक निळा पिकअप येऊन उभा राहिला. इंजिन चालूच. आत पांढऱ्या केसांची बाई. आम्ही दफनभूमीतून निघालो तेव्हा पिकअपही निघाला आणि आमच्या मुक्कामाच्या घरापर्यंत मागे आला. मग वळून गेला.

घर कॅरल नावाच्या बाईचं होतं. वरच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. बाई बोलकी होती, पण तिचे प्रश्न मला खटकले. कुठून आलात, ही गाडी तुमचीच का, बरोबर आणखी कोणी आहे का, आणि मग चहा ओतता ओतता, "तुम्ही जुन्या वस्तू वगैरे गोळा करता का?"

मिलिंद पटकन म्हणाला, "नाही, तसं काही नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. ज्याच्यामुळे माझ्या बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तो माणूस हे म्हणत होता.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सुगीचं जेवण होतं. कॅरलनेच बोलावलं. मोठमोठ्या हंड्यांत बूया शिजत होता. कोंबडी, बटाटे, कोबी, गाजर, सगळं दिवसभर ढवळून एकजीव केलेलं. लाकडी वल्ह्याने ढवळतात, अगदी आपल्या लग्नाच्या स्वयंपाकासारखं. चव साधी, मीठ-मिरीची. मी पर्समधून लाल तिखटाची डबी काढली. आम्ही आत शिरलो तेव्हा जवळच्या दोन टेबलांवरचं बोलणं थांबलं, मग हळूहळू सुरू झालं. आमच्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही.

एकटा गॅरी आमच्याशी मोकळेपणी वागला. हा कॅरलचा भाऊ, पन्नाशीचा, उन्हाने रापलेला. तोच बूया वाढत होता. त्याने माझं लाल तिखट मागून घेतलं, घाम फुटेपर्यंत खाल्लं, दोन बेल्जियन पाई बांधून दिले. हे पाई म्हणजे तळहाताएवढी गोड भाकरी, वर वाळलेल्या प्लमचा लगदा आणि त्यावर चक्क्यासारखं चीज. "चर्चचं गवत मीच कापतो," तो म्हणाला. "तुम्ही मघाशी आत फिरत होतात ना? छान आहे ना जागा?" सगळ्या गावात हा एक माणूस मला माणसासारखा वाटला.

मग पिकअपवाली बाई समोर येऊन बसली. लोरेन, गॅरी-कॅरलची मावशी, ऐंशीच्या पुढची. तिने नाव सांगितलं आणि थेट विचारलं, "दफनभूमीत काय बघत होतात?"

मिलिंदने खऱ्या बेल्जियमची, झारीवाल्या बाईची गोष्ट सांगितली. मनापासून सांगितली. लोरेनने चेहरा न हलवता ऐकून घेतली.

"बरी गोष्ट आहे," ती म्हणाली आणि उठली.

खोलीवर आल्यावर मी मिलिंदला म्हटलं, "उद्या सकाळीच निघू. मला इथलं काही ठीक वाटत नाही."

"हं," तो म्हणाला. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं.

रविवारची सकाळ

जाग आली तेव्हा मिलिंद शेजारी नव्हता. खिडकीतून पाहिलं तर तो दफनभूमीच्या बाजूने रस्ता ओलांडून येत होता, खाली मान घालून, जॅकेटच्या खिशात हात घालून. अंगणातल्या नळावर त्याने हात धुतले. वर आला तेव्हा बूट आणि पँटची टोकं दवाने भिजलेली, नखांत माती.

"कुठे गेला होतास?"

"चालायला."

"माती कसली?"

"अशीच. नाश्ता करून सांगतो."

नाश्त्याला कॅरल आमच्या नजरेला नजर देईना. आम्ही बॅगा घेऊन बाहेर आलो तर आमच्या गाडीमागे शेरीफच्या ऑफिसची, म्हणजे तिथल्या पोलिसांची, गाडी उभी होती, जाता येणार नाही अशी. तरणा डेप्युटी टोपी सारखी करत पुढे आला. त्याच्या मागे निळा पिकअप, त्यात लोरेन. डेप्युटी फार अदबीने बोलला. या उन्हाळ्यात दफनभूमीतून सैनिकांच्या थडग्यांवरचे तारे चोरीला जात आहेत. आज सकाळी तुम्ही थडग्यांजवळ वाकलेले दिसलात. गाडीची डिकी उघडून दाखवाल का? नाही म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे.

मी मराठीत म्हटलं, "मिलिंद, थांब. उघडू नकोस. आधी कोणाला तरी विचारू."

"वैशाली, उघडू दे."

"मी सांगतेय ना."

डेप्युटी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होता. न कळणाऱ्या भाषेत कुजबुजणारी दोन माणसं त्याला कशी दिसत असतील ते मला कळत होतं, पण बोलणं थांबेना. मिलिंदने डिकी उघडली. खाकी पिशवी त्याने स्वतःच पुढे केली.

पिशवीत गायीच्या गळ्यातली घंटा होती, पितळी नळ होता, आणि ब्राँझचा तारा होता. दांडी कापलेली, नळी शाबूत.

कॅरलने तोंडावर हात ठेवला. लोरेन पिकअपमधून उतरली.

"हा मी काल विकत घेतला," मिलिंद म्हणाला. "हायवेवर गोठ्यातलं दुकान आहे तिथे. काय आहे ते मला माहीत नव्हतं. इथे आल्यावर कळलं. सकाळी मी हा कुठल्या जागचा असेल ते बघायला गेलो होतो. माती उकरून पाहिली, दांडीचा तुटका तुकडा सापडतो का ते. नाश्त्यानंतर सांगणारच होतो."

"पावती?"

"रोख दिले. पावती नाही."

डेप्युटी माझ्याकडे वळला. "मॅम, त्यांनी हा विकत घेताना तुम्ही पाहिलंत?"

मी उत्तर द्यायला किती वेळ घेतला कोण जाणे. डोळ्यांपुढे त्याचे ओले बूट होते. "नाही, तसं काही नाही" हे कॅरलला सांगताना त्याचा आवाज किती सरळ होता, ते आठवत होतं. कालची पिशवी मी आतून पाहिली नव्हती. चांगल्या ब्राँझसाठी हा माणूस कचराकुंडीत उतरलेला मी पाहिलेला आहे.

"मी गाडीत होते," मी म्हटलं. "ते पिशवी घेऊन बाहेर आले एवढं पाहिलं."

"हीच पिशवी?"

"एक पिशवी."

मिलिंद माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. एखादी ओळखीची वस्तू हातात घ्यावी आणि ती वेगळीच वाजावी, तसं.

गोठ्यातलं दुकान

डेप्युटीने तिथूनच दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, असे कोणी आलेच नाहीत. डेप्युटीने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, प्रत्यक्षच जाऊन बोलू. मग तो पुढे, आम्ही मधे, लोरेनचा पिकअप मागे, अशी ती वरात निघाली. कालचीच शेतं, कालचीच देवळं. आमच्यावर कुठला आळ येणार, त्याची नोकरी राहील का, मृण्मयीला काय सांगायचं, हे सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं. आणि त्याखाली एकच प्रश्न होता, जो विचारायला तोंड उघडत नव्हतं.

दुकानदार धिप्पाड होता. त्याने मिलिंदकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. "यांना मी कधी पाहिलेलं नाही."

"काल दुपारी," मिलिंद म्हणाला. "तुम्ही मला घंटा वाजवून दाखवलीत. तारा त्या कोपऱ्यात बादलीत होता, दाराच्या मुठींखाली."

कोपऱ्यात बादली नव्हती. दुकानदाराने हात पसरले. डेप्युटीने सुस्कारा सोडला.

पण लोरेन कोपऱ्याकडे बघत नव्हती. ती काउंटरला वळसा घालून सरळ मागच्या पडद्यातून आत गेली. दुकानदार "ए, तिकडे नाही" म्हणाला, पण ऐंशी वर्षांच्या बाईला हाताला धरून कोण अडवणार? आतून काही सरकवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती बादली फरपटत. वर गोणपाट टाकलेलं. गोणपाट तिने काढलं आणि दाराच्या मुठी ओंजळीने काढून जमिनीवर टाकल्या. त्याखाली तारे होते, एकात एक अडकलेले.

मी मिलिंदचा दंड धरला. त्याने हात सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आता मला पुन्हा एकदा सांगा," डेप्युटी दुकानदाराला म्हणाला.

दुकानदार लाल झाला होता. त्याला सांगण्यात आलं होतं की चर्च नवे तारे बसवणार आहे, हे जुने आहेत. "तुमचा फोन आला तेव्हा मी घाबरलो," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

तो लोरेनकडे बघून म्हणाला, "तुमच्या गॅरीने."

लोरेनने शेजारची एक मोडकी खुर्ची ओढली आणि बसली. मला त्या माणसाचा घामाने डबडबलेला हसरा चेहरा आठवला, माझं तिखट चाखताना. त्या गावात मी प्रत्येकावर संशय घेतला होता. कपडे वाळत घालणाऱ्या बाईवर, कॅरलवर, या म्हातारीवर, नवऱ्यावर. फक्त त्याच्यावर नाही.

"त्याची पाठ कामातून गेलीय," लोरेन अखेर म्हणाली, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "दोन वर्षं नीट काम नाही. मागितलं असतं तर मी दिलं असतं." मग डेप्युटीला म्हणाली, "तू तुझं काम कर. मी मधे येणार नाही."

पुन्हा दफनभूमीत

डेप्युटीने बादली ताब्यात घेतली. आमच्याकडचा तारा मात्र लोरेनने हातातून सोडला नाही. "हा आज जागेवर जाईल," ती म्हणाली. डेप्युटीने त्याचा फोटो काढून घेतला आणि तिच्याशी वाद घातला नाही.

ती आम्हाला त्या पहिल्या महायुद्धातल्या पोराच्या थडग्याशी घेऊन गेली. तो तिचा सख्खा काका होता. तिने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तिचे वडील दर वर्षी तिथे झेंडा लावायचे, वडील गेल्यावर ती लावते.

"हा याचाच तारा कशावरून?" मी विचारलं. "सगळे सारखेच आहेत."

"नसेलही याचा," ती म्हणाली. "चालेल."

दांडी तोकडी झाली होती. मिलिंद गुडघ्यांवर बसला, सकाळी त्यानेच उकरलेली माती त्याने बाजूला केली, तारा आत दाबला, भोवती खडे ठोकून घट्ट केला. लोरेनने नळीत झेंडा बसवला. मग त्याला विचारलं, "काय आहे ते माहीत नव्हतं, तर घेतलास कशाला?"

"उदबत्तीसाठी," मिलिंद म्हणाला. तिला कळेना, म्हणून त्याने समजावलं की आम्ही देवापुढे सुगंधी काडी लावतो, ती उभी राहायला अशी नळी लागते. तिने मान डोलावली.

"शेरीफला फोन मी केला होता," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असलेलं बरं. उद्या परत कोणी अनोळखी माणूस सकाळी इथे वाकलेला दिसला तर पुन्हा फोन करेन."

"करायलाच हवा," मिलिंद म्हणाला.

तिने त्याच्याशी हात मिळवला, मग माझ्याशी. माफी मागितली नाही. मला ते आवडलं. कॅरल दारात उभी होती, डोळे सुजलेले. तिला आम्ही लांबूनच हात केला. जवळ जाऊन काय बोलणार होतो?

परतीच्या वाटेवर सरोवराच्या कडेला एका थांब्यावर आम्ही गॅरीने दिलेले पाई खाल्ले. टाकून द्यावेत असं मनात आलं होतं, पण भूक लागली होती आणि ते चांगले झाले होते. पाण्यावर वारा होता. मिलिंद बोटं पुसत म्हणाला, "बादलीतले तारे दिसेपर्यंत?"

तो काय विचारतोय ते मला कळलं.

"हो," मी म्हटलं.

"बराच वेळ झाला तो."

"तू मला सांगायचं होतंस ना. आदल्या संध्याकाळीच."

"सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "तू ओरडशील म्हणून नाही सांगितलं." आणि गाडीकडे गेला.

पार्सिपनीला परतल्यावर ही गोष्ट आमच्या मित्रमंडळींत फार चालली. कोणाकडे जेवायला गेलो की, "मिलिंद, ते शेरीफचं सांग यार," अशी फर्माईश होते. तो छान सांगतो. म्हातारीचा ताठा, दुकानदाराचा लाल चेहरा, उदबत्ती, सगळं येतं आणि लोक हसून हसून बेजार होतात. डेप्युटी माझ्याकडे वळतो त्या जागी तो थोडा थांबतो. मग म्हणतो, "आणि वैशालीने एक सेकंद घेतला नाही. म्हणाली, हो, मी पाहिलं, माझ्यासमोर घेतलाय."

पहिल्यांदा त्याने असं सांगितलं तेव्हा मला वाटलं, तो चुकला. आता तो प्रत्येक वेळी तसंच सांगतो. ते वाक्य म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही, आणि मी कोशिंबिरीचं भांडं पुढे सरकवते.